आवळीच्या गाठीतली अळी

९ जुलै १९६५, माहीम (पालघरजवळचं)

बाटली तीनमधली अळी आज मेली. फांदी वाळली म्हणून. देठ पाण्यात ठेवायला हवा होता, सुचलं नाही. हात धुताना वाईट वाटलं. मग वाटलं, हिचं काय वाईट वाटून घ्यायचं, हिच्यामुळेच तर झाडं खंगत चालली आहेत.

अकरा आवळी. मामंजींनी लावलेल्या. ते गेल्यापासून थोरले भाऊजी बघतात. तीन वर्षं झाली, पावसाळा आला की शेंड्यांना गाठी येतात. कोवळा शेंडा बोटाएवढा सुजतो आणि तिथेच थांबतो. खालून दोन-तीन काटकुळे फुटवे निघतात, तेही पुढे सुजतात.

जाऊबाई म्हणाल्या, "सुमती, त्या बाटल्या स्वयंपाकघरात नकोत बाई." माजघराच्या खिडकीत हलवल्या. इंटर सायन्सपर्यंत शिकले त्यातलं एवढंच उरलं आहे. एक भिंग, एक चिमटा आणि ही वही.

१३ जुलै

लडक्यानं सात गाठी काढून आणल्या. लडक्या आठ-नऊ वर्षं आमच्या वाडीत आहे. वारली, डोंगराकडच्या पाड्यावरचा. पावसाळाभर बायकोला, जानीला, घेऊन विहिरीजवळच्या खोपीत राहतो. झाडावर चढायचं काम सगळं त्याचं. मी गाठी चिरायला बसले की शेजारी उकिडवा बसतो आणि भिंग मागतो.

सातही आतून सारख्या. मधोमध बोगदा, त्यात एकच अळी. काळपट, अंगावर विरळ केस. दोन कधीच नाहीत. बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, त्यातून विष्ठा बाहेर ढकलते. बाकी सगळं आत. आतलाच गर खाते, खाऊन झालेल्या जागी राहते. गाठ तिच्याभोवती वाढत जाते.

लडक्या म्हणाला, "म्हंजे झाड तिला घर बांधून देतं."

म्हटलं, "झाडाला कुठे कळतंय."

"कळत नसंल. पन देतं."

तो आणि जानी सगळ्यांनाच तू म्हणतात, मलाही. जाऊबाईंना ते खपत नाही. मला बरं वाटतं.

१८ जुलै, रविवार

हे तारापूरहून आले. तिथल्या बांधकामावर कारकून आहेत, आठवड्याला एकदा येतात. चपलांना लाल माती.

दुपारी पानावर भाऊजींनी विषय काढला. "पालघरला औषध मिळतंय. एंड्रिन. भातावर मारतात तेच. उघडीप बघून आवळीवर मारून घेऊ."

मी वाढत होते. म्हटलं, "भाऊजी, अळी गाठीच्या आत असते. वरून मारलेलं तिच्यापर्यंत जाणार नाही. गाठी छाटून जाळल्या तर..."

"अकरा झाडांचे शेंडे छाटायचे? मग राहिलं काय?" मग हसून म्हणाले, "बाटलीतली अळी वेगळी, झाडावरची वेगळी."

सगळे हसले. ह्यांनी पानातून वर बघितलं नाही, पण तेही हसले. मीसुद्धा. ताकाचं भांडं घेऊन आत गेले आणि पुन्हा बोलले नाही.

२२ जुलै

औषधाचा डबा आला. वर कवटीचं चित्र. सूचना इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. घरात इंग्रजी वाचणारे हे आणि मी. हे तारापूरला.

वाचलं. कातडीला लागू देऊ नये. सर्व अंग झाकावे. नाक-तोंड झाकावे. वारा पाठीशी ठेवावा. अंगावर सांडल्यास कपडे ताबडतोब उतरवून साबणाने अंग धुवावे. भाऊजींना मराठीत करून सांगितलं. ते सुपारी कातरत होते. "बरं. लडक्याला सांग सगळं."

लडक्या गुरांकडे गेला होता. उद्या सांगते.

२४ जुलै

पाऊस थांबत नाही. बाटली पाचमधली अळी दुप्पट झाली. बाटली सहामधून अळीऐवजी एक बारीक गांधीलमाशी निघाली. म्हणजे अळीच्याही आत कोणीतरी राहत होतं. दिवसभर त्यातच गेला.

लडक्याला सांगायचं राहिलं.

२६ जुलै

उघडीप. सकाळपासून फवारणी.

लडक्या गेला. आज लिहिता येत नाही.

२७ जुलै

क्रमानं लिहिते. नाहीतर पुढे मीच वेगळं काहीतरी आठवेन.

आठच्या सुमाराला भाऊजींनी डबा फोडला. लडक्या नुसत्या लंगोटीवर होता, नेहमीसारखा. बादलीत औषध ओतलं आणि त्यानं कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. मी मागच्या दारात होते. म्हटलं, "लडक्या, तोंडाला फडकं बांध रे." त्यानं बांधलं. माझं सांगणं तेवढंच. डब्यावरचं बाकी सगळं माझ्या डोक्यात होतं. तांदूळ चुलीवर होते, मी आत गेले.

आवळी उंच. पंपाची नळी वर धरायची आणि उडालेलं परत स्वतःच्या अंगावर घ्यायचं. खिडकीतून एकदा बघितलं तेव्हा त्याचे खांदे, पाठ, सगळं चकाकत होतं. घाम नव्हता तो. मला कळलं होतं.

चार झाडं झाल्यावर विहिरीवर आला. "बाय, डोकं गरगरतं हाय."

जानीनं पाणी दिलं. भाऊजी म्हणाले, "उन्हाचं होतंय. बस जरा सावलीला." बसला. ओकला. मग जबडा आवळला आणि हातपाय ताठ होऊन झटके द्यायला लागले. तेव्हा मी धावले. विहिरीचं पाणी ओतत राहिलो, मी साबण चोळला, पाठीला, मानेला, केसांना. त्याच्या अंगाला हात लावायची ती पहिलीच वेळ. जानी ओरडली नाही. त्याचं डोकं मांडीवर धरून नुसतं त्याचं नाव घेत होती.

बैलगाडीतून पालघरला नेला. मी बरोबर गेले. रस्त्यात दोनदा झटके. डॉक्टरांनी विचारलं, काय औषध होतं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "डब्यावरचं वाचलं होतं का कुणी?"

म्हटलं, "मी."

ते सुई देत राहिले. साडेचारच्या पुढे कधीतरी गेला.

२९ जुलै

काल पाड्यावर नेऊन त्याचं सगळं झालं. भाऊजी गेले होते. आज पंचनामा. जमादार आले, गावचे पाटील आले. ओटीवर सतरंजी घातली, चहा मी केला.

भाऊजी सांगत होते, जमादार लिहीत होते. मयतास औषधाबाबत सर्व सूचना वाचून दाखविण्यात आल्या होत्या. मयत त्या दिवशी ताडी प्यायलेला होता. त्यामुळे त्याने सूचना पाळल्या नाहीत.

जमादारांनी विचारलं, "वाचून कुणी दाखवल्या?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही.

पाटील म्हणाले, "मग वहिनी, इथे सही करा."

केली. पूर्ण नाव, स्वच्छ. अक्षर हललंसुद्धा नाही.

भाऊजी दोन दिवस जेवलेले नाहीत. वाईट माणूस नाहीत. मला एवढंच म्हणाले, "घराला पोलीस लागले तर लागतच राहतात, सुमती."

३ ऑगस्ट

फवारलेल्या चार झाडांच्या गाठी काठीला आकडी लावून काढल्या. पंधरा. चिरल्या.

चौदांत अळी जिवंत. पंधरावी रिकामी, ती आधीचीच असावी.

एकीनं भिंगाखाली डोकं उचललं, इकडेतिकडे केलं आणि परत खायला लागली.

२१ ऑगस्ट

मधले दिवस वही उघडली नाही.

जानी परत आली. भाऊजींनीच निरोप धाडला होता. दोघी मुली पाड्यावर दिराकडे ठेवल्या आहेत. खोपीत एकटी राहते. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "ठेव तिथं." माझ्याकडे बघून बोलत नाही. की मीच बघत नाही, कोण जाणे.

बाटल्या तशाच आहेत. टाकून द्याव्यात असं रोज वाटतं. रोज पाणी बदलते.

१९ सप्टेंबर, रविवार

लढाई चालू आहे. काचांना काळा कागद लावायचा हुकूम. बाटल्यांची खिडकीही झाकली.

ह्यांना सगळं सांगितलं. सांगितलं नव्हतं आजवर. त्यांना वाटत होतं मी लडक्याला खरंच वाचून दाखवलं. ऐकून कागद कापत राहिले.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग झालं तर."

म्हटलं, "ताडीचं तर पूर्ण खोटं आहे. मी त्याच्या तोंडाशी होते, वास नव्हता."

"दादाला आत टाकायचं आहे का तुला?"

नाही टाकायचं. खरंच नाही. आणि मलाही जायचं नाही. माझी भीती त्यांच्याहून मोठी आहे, हे मात्र बोलले नाही. चिकटवायला खळ करून दिली.

१४ नोव्हेंबर

आवळे उतरवतोय. जानी वर चढते, लडक्या चढायचा तशीच, पदर कमरेला खोचून. यंदा फळ बारीक.

दुपारी निवडायला समोरासमोर बसलो. ती एकदम म्हणाली, "बाय, कागदात ताडी लिवली हाय?"

"कोण म्हणालं?"

"पाड्यावर समदी म्हनतात. लडक्या पिऊन मेला म्हनतात. माझ्या पोरींच्या तोंडावर म्हनतात." मग हातातला आवळा बघत म्हणाली, "तो पीत नव्हता. दोन वरसं झाली. मोठी पोर तापानं जायला आली व्हती, तवा देवाला बोलला, सोडली म्हनून. पाड्यावर लग्नातबी तोंड लावलं नाय. त्याला समदे हसत. आता तेच म्हनतात पिऊन मेला."

"मला माहीत आहे, तो प्यायला नव्हता."

"मंग तू का नाय बोलली?"

मी आवळे निवडत राहिले. डागी एकीकडे, चांगले एकीकडे. ती टोपली उचलून गेली.

१५ नोव्हेंबर

सकाळपासून उत्तरं जुळवते आहे. एकही असं नाही, जे तिच्यासमोर म्हणता येईल.

८ जानेवारी १९६६

गाठी छाटायला सुरुवात केली. भाऊजींना विचारलं नाही, कळवलं. ते "हं" म्हणाले. हल्ली मला कशालाच नकार देत नाहीत.

जानी वर, मी खाली वेचायला. थंडीत अळ्या सुस्त पडल्या आहेत, चिरलं तरी हलत नाहीत. संध्याकाळपर्यंत पाच झाडं झाली. विहिरीमागे ढीग करून पेटवला. गाठी चटचट फुटत होत्या.

जानी जाळाकडे बघत म्हणाली, "ह्येच करायचं व्हतं ना? तवा?"

"हो."

"तुला आधी ठावं व्हतं?"

"हो. एकदा बोलले घरात. ते हसले. मग गप्प बसले."

तिनं कोयत्यानं एक फांदी आत सारली. म्हणाली, "आन डब्यावर काय लिवलं व्हतं?"

तिथपर्यंत माझी मजल गेली नाही. म्हटलं, "धूर डोळ्यात जातोय," आणि उठले. 

१२ जानेवारी

पुढची सहा झाडं राहिली ती राहिलीच. दुसऱ्याच दिवशी जानी पाड्यावर गेली, मुलगी आजारी म्हणून. मला एकटीला चढता येत नाही.

२२ एप्रिल

बाटली सातमधून पाखरू निघालं.

मार्चअखेर कोष केला होता, गाठीतच. त्याआधी अळीनं बाहेर पडायची वाट कुरतडून ठेवली होती, वर पापुद्र्याएवढी साल राखून. आज तेवढा पापुद्रा ढकलून बाहेर आलं. म्हणजे कोषात जाण्याआधी तिला माहीत होतं की पुढे आपल्याला दात नसतील.

नखाएवढं. राखी-तपकिरी, पंखांवर जाळीसारख्या बारीक रेषा. बसण्याची तऱ्हा विचित्र. पुढचे पाय ताठ करून अंग वर उचललेलं, शेपटी खाली टेकलेली. हललं नाही दिवसभर.

हे दाखवायला ज्याला हाक मारली असती तो नाही.

२८ एप्रिल

पाखरू मेलं. सहा दिवस जगलं. साखरपाणी ठेवलं होतं, शिवलं नाही. तळाशी चार-पाच अंडी, खसखशीहून बारीक, पोकळ निघाली. नर नव्हता.

आठ-नऊ महिने अंधारात, सहा दिवस उजेडात. त्या सहा दिवसांसाठी चार झाडं फवारली.

५ जून, रविवार

आज पानावर भाऊजी म्हणाले, "छाटायच्या राहिल्या त्या सहा झाडांना यंदा मारून घेऊ. डबा अर्धा आहे. गडी बघतो दुसरा. या खेपेला अंगभर कपडे देऊ त्याला."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, "मारायचं नाही."

जाऊबाई म्हणाल्या, "सुमती."

म्हटलं, "मारलंत तर मी पाटलांकडे जाईन आणि खरं सांगेन. वाचून दाखवलं नव्हतं. ताडी नव्हती."

ह्यांचा घास हातात तसाच. भाऊजींचं तोंड उतरलं. इतके म्हातारे मला कधी दिसले नव्हते. म्हणाले, "बरं. नाही मारत. झालं?"

सगळ्यांनी सुटकेनं परत जेवायला सुरुवात केली. हे म्हणाले, आमटी छान आहे.

दुपारी डबा वाडीच्या टोकाला, विहिरीपासून लांब, कमरेएवढा खड्डा करून पुरला. भाऊजींनी स्वतः कुदळ धरली.

७ जून

दोन दिवस बरं वाटत होतं. आज लक्षात आलं की मी काय केलं. त्यांनी औषध सोडलं, मी बोलणं सोडलं. असं कुणी म्हणालं नाही, पण घरात सगळे तसंच धरून चालले आहेत. जाऊबाईंनी आज माझ्या केसांना तेल लावून दिलं.

आवळीला नवे शेंडे आहेत. पाखरं कुठेतरी बसली असतील, अंग वर उचलून.

जानी परवा पाड्यावरून आली. धाकटी पोर बरोबर आहे. ती वाडीत कुणाला तरी सांगत होती, "माजा बा पिऊन मेला." ऐकलेली गोष्ट सांगावी तशी. जानीनं तिला मारलं नाही, नुसतं ओढून आत नेलं.

११ जून

पाटलांना द्यायचं चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा भाऊजींवर फार आलं. दुसऱ्यांदा माझ्यावर इतकं की वाचणाऱ्याला दया यावी. ते फाडलं. चौथा कागद कोरडा आहे. काय झालं, कोण काय म्हणालं, सही कशी केली. दीड पान. एक नक्कल केली.

हे आले आहेत. वाचून म्हणाले, "हे देशील त्या दिवशी या घरातली तू राहणार नाहीस. मी काही बोललो तरी."

"तुम्ही काय बोलाल?"

बाहेर जाऊन विडी ओढत बसले. रागात नव्हते. मी तिथवर गेले असते तर कदाचित ते बोलले असते. गेले नाही.

१४ जून

पाटलांकडे जाऊन आले. एकटी. त्यांनी चष्मा लावून दीड पान वाचलं, मग परत पहिल्यापासून.

"वहिनी, वर्ष झालं की."

"हो."

"यात तुम्हीच अडकाल. सही तुमची आहे."

"हो."

"घरी विचारलंय?"

म्हटलं, "सांगितलंय."

कागदाची घडी करून कोटाच्या खिशात घातली. "जमादार पालघरहून येतील तेव्हा देतो. कधी येतील सांगता येत नाही. तोवर माझ्याकडे आहे. मनात आलं तर परत घेऊन जा."

म्हटलं, परत नको.

घरी आले तेव्हा भाऊजी ओटीवर होते. चेहऱ्यावरून कळलं असावं. उठून आत गेले, दार लावलं नाही, नुसते आत गेले. जाऊबाईंनी संध्याकाळी माझं पान वाढलं, पण हाक मारली नाही.

१५ जून

नक्कल घेऊन खोपीवर गेले. जानी कोयत्याला दगड लावत होती. म्हटलं, "काल पाटलांना कागद दिला. तुला वाचून दाखवते."

ती दगड थांबवून बसली. मी वाचलं. डब्यावर काय लिहिलं होतं ते. ते मला बावीस तारखेला कळलं होतं आणि सव्वीस तारखेपर्यंत मी लडक्याला सांगितलं नाही, ते. खिडकीतून त्याची पाठ दिसली आणि मी काही केलं नाही, ते. सही.

वाचून संपल्यावर म्हणाली, "ताडीचं परत वाच."

वाचलं. 'लडक्या त्या दिवशी प्यायलेला नव्हता. ताडीचा मजकूर खोटा आहे.'

"परत."

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिनं पोरीला हाक मारून जवळ बसवलं आणि म्हणाली, "आता हिला वाच." पोरीला वाचून दाखवलं. पोर माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आता काय व्हईल?" जानीनं विचारलं.

"माहीत नाही. जमादार येतील. मला नेतील, भाऊजींना नेतील, किंवा काहीच होणार नाही. पाटील कागद खिशातच ठेवतील."

"तो कागद दे."

दिला. तिनं तो उलटा धरून बघितला, घडी केली आणि चोळीत ठेवला. पोरीचा हात धरला, कोयता खोपीच्या कुडाला अडकवला आणि पाड्याच्या वाटेनं चालू लागली.

उद्या येणार का, ते विचारायचं माझं तोंड नव्हतं. खोपीचं दार उघडंच आहे.